झोपाळा, मगर आणि तो फट् आवाज

थंडीच्या दिवसांत सुरतेला तापीच्या काठी पोंकाच्या गाड्यांवर संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नसते. त्या सगळ्या गर्दीत एकट्या खेवना जरीवालाच्या हातातला पोंक गार होत चालला होता. द्रोणात भाजलेला कोवळा हुरडा, वर लिंबू-मिऱ्याची शेव, बाजूला ताकाचा पेला... आणि ही कानाला फोन लावून मैत्रिणीपुढे रडगाणं गात होती.

"अगं, मगर म्हणते, माझा दात दुखतो गं... आणि तेवढ्यात फट्. पुन्हा वाचलं. पुन्हा फट्. अहमदाबादच्या बाईंनी दोनदा परत पाठवलंय. रविवारी तिसऱ्यांदा पाठवायचंय, आणि आता पुन्हा चूक झाली तर काम दुसऱ्या कुणाला देणार म्हणाल्या."

शेजारी उभ्या असलेल्या तरुणाचा चमचा हवेतच थांबला. उंच, विस्कटलेल्या केसांचा, एका बोटाला वायरला लावायची काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये हे त्याला ठाऊक होतं, पण आवाजाचा विषय निघाला की त्याला राहवत नसे.

"अर्थिंग तपासलंत?" तो म्हणाला.

खेवनाने फोन खाली घेतला आणि त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर ताकाचा पेला घेऊन पलीकडच्या गाडीवर गेला असता. हा गेला नाही. आपलं नाव सौमिल चेवली, घरचा धंदा माइक-स्पीकरचा, नवरात्रात गरबे आणि थंडीत लग्नं, असं त्याने एका दमात सांगून टाकलं. मग म्हणाला, "तो — तो फट् आवाज म्हणजे — बहुतेक वायरचाच असतो."

मधल्या त्या जागा खेवनाच्या लगेच लक्षात आल्या. सुरती माणसाचं वाक्य शिवीने सुरू होतं, आणि जीव लावून बोलला तर दोन शिव्यांनी. हा गडी तिच्यासमोर एकेक शिवी गिळत होता, आणि गिळताना त्याचा गळा हलत होता. तिला हसू आलं. ते लपवायला तिने पोंकाचा बकाणा भरला.

"गिळू नका हो," ती म्हणाली, "पोटात दुखेल."

तो कानापर्यंत लाल झाला, आणि दुसऱ्या दिवशी पिशवीभर वायरी घेऊन तिच्या घरी आला.

खेवना मुलांसाठी गोष्टी वाचायची, त्या घरच्या कॉम्प्युटरवर ध्वनिमुद्रित करायची आणि अहमदाबादच्या त्या प्रकाशक बाईंना पाठवायची. तिचे वडील किरीटभाई कापडबाजारात पॉलिस्टरचं काम करत. आजोबांच्या काळी खरी सोन्या-चांदीची जर होती, आता मखमल आणि जॉर्जेट होतं, पण रुबाब जरीचाच. त्यांनी मुलीला संक्रांतीपर्यंत मुदत दिली होती. तोवर गोष्टींचं बस्तान बसलं तर ठीक, नाहीतर दुकानात येऊन बसायचं आणि व्यापाऱ्यांना कापड दाखवायचं. खेवनाला दुकानाचा राग नव्हता. पण गोष्ट वाचताना तिला जसं वाटे तसं दुसऱ्या कशानेच वाटत नसे, आणि हे वडिलांना कसं सांगावं हे तिला कळत नव्हतं.

घरी बैठकीच्या मधोमध पितळी कड्यांचा झोपाळा, त्याला लागून कॉम्प्युटरचं टेबल, समोर सोफा. सोफा पाहुण्यांचा, झोपाळा घरच्यांचा. त्यातही संध्याकाळी तो फक्त किरीटभाईंचा. जिन्यात त्यांचे बूट वाजले की झोपाळ्यावर असेल तो उठायचा, ते येऊन बसायचे, आणि खेवनाची आई रंजनबेन बशीत चहा ओतून द्यायच्या.

सौमिलने पहिल्या दिवशी वायरी बदलल्या. दुसऱ्या दिवशी स्पीकर काढून दुसरे लावले, फ्रीज बंद करून पाहिला, कॉम्प्युटर उघडून आतली धूळ फुंकली आणि स्वतःच शिंकत बसला. आवाज आलाच नाही. तो खुर्चीत बसलेला, ती भिंतीला टेकून उभी, आणि मशीन अगदी शहाण्या बाळासारखं गप्प. तो गेला की तासाभरात फट्. याआधी आलेल्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या माणसानेही हेच पाहिलं होतं आणि जाताना रंजनबेनना हळूच सांगितलं होतं की मुलीच्या कानांना भास होत असावेत.

"तुम्हालाही तसंच वाटतंय ना?" खेवनाने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "मी तुमची फाइल ऐकलीय. फट् आहे तो. मला फक्त... तो माझ्यासमोर का लाजतो, ते कळत नाही."

हे तो मशीनबद्दल बोलत होता. तरी खेवनाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि खिडकीबाहेर पाहिलं.

तिसऱ्यांदा तो आला तो शनिवार होता. सगळं पुन्हा तपासून झालं आणि त्याने हात टेकले. खोटं आश्वासन द्यायचा त्याचा स्वभाव नव्हता. सोफ्यावर बसून, चहाकडे बघत, त्याने सरळ सांगितलं की आपल्याला जमलं नाही. मग थोडं थांबून म्हणाला, "एक करा खेवनाबेन. ती मगरीची गोष्ट मला एकदा पूर्ण वाचून दाखवा. हा आवाज नक्की काय बिघडवतोय, एवढं तरी कळू द्या. रोज जसं वाचता, तसंच."

"रोज जसं वाचते... तसं?"

"तसंच."

खेवना घुटमळली. मग एखादा गुन्हा कबूल करावा तशी म्हणाली, "मी खुर्चीत बसून वाचत नाही. अहमदाबादच्या बाईंना मी खुर्ची म्हणून सांगितलंय. पण मी... झोपाळ्यावर वाचते. लहानपणी पाढेसुद्धा झोके घेतच पाठ केलेत. खुर्चीत बसले की माझा आवाज स्टेशनवरच्या घोषणेसारखा होतो."

सौमिल हसला नाही. म्हणून ती झोपाळ्यावर बसली, लांब वायरीचा छोटा माइक ओढणीला लावला, स्पीकर चालू ठेवले आणि वाचू लागली.

तापीतल्या एका म्हाताऱ्या मगरीचा दात दुखत होता आणि नदीतला एकही प्राणी तिच्या तोंडात डोकवायला तयार नव्हता. साधीशीच गोष्ट. पण दोन-चार झोके झाले आणि खेवना बैठकीत उरलीच नाही. तिचा आवाज मगरीबरोबर कण्हला, माशांबरोबर सुळकन पळाला. सौमिलच्या हातातला चहा निवला. इतकी वर्षं तो लोकांचे आवाज मोठे करत आला होता. एखादा आवाज असा अंगाजवळ येऊन बसतो, हे त्याला आज कळत होतं. झोका मंदावला तशी खेवनाने सवयीने पायाचा अंगठा टेबलाच्या लोखंडी पायाला रेटला.

फट्.

ती थांबली. "ऐकलंत?"

तो उठून तिच्या पायाशी उकिडवा बसला होता. "थांबू नका. झोका घ्या... आता पुन्हा रेटा."

फट्.

"अंगठ्याला काही चावतं का?"

"थोडंसं. थंडीत होतं तसं. मी लक्ष देत नाही."

त्याने टेबलाच्या पायाकडे पाहिलं, तिच्या जॉर्जेटच्या कपड्यांकडे पाहिलं, आणि मग झोपाळ्यावरच्या त्या जांभळ्या, चमचमत्या मखमली गादीकडे. "ही गादी कधी आली?"

"दिवाळीला. पप्पांचा नवा माल आहे."

"आणि आवाज?"

खेवनाने गादीवरून हात फिरवला. आवाजही दिवाळीनंतरचाच होता.

"आणखी थोडे झोके घ्या," तो म्हणाला. "आता पाय नको. बोट... बोट पुढे करा."

तिने बोट पुढे केलं. त्याने चिकटपट्टी नसलेलं बोट तिच्या बोटाजवळ नेलं. टेकायच्या आधीच एक बारीक चटका दोघांनाही बसला, आणि त्याच क्षणी स्पीकरमध्ये, फट्.

दोष सापडला होता. आता दोघांनी आनंदाने ओरडायला हवं होतं. पण कुणी ओरडलं नाही, आणि बोटंही कुणी मागे घेतली नाहीत.

"सौमिलभाई..." ती अगदी हळू म्हणाली.

"इतकं मशीन दुरुस्त केलं," तो म्हणाला, "निदान तो 'भाई' तरी काढा आता."

जिन्यात बूट वाजले. खेवना चटकन उठली, आणि किरीटभाई येऊन आपल्या गादीवर बसले.

सौमिलने त्यांना सांगितलं तेव्हा रंजनबेननी भरलेली बशी टेबलावर तशीच ठेवून दिली. सुरतेत राहून, कापडवाल्याच्या घरात, त्याच्याच तोंडावर पॉलिस्टरला दोष द्यायचा म्हणजे विस्तवात हात घालणं. पण मुलगा घाबरला तरी मागे सरला नाही. कोरडी थंडी, जॉर्जेट मखमलीवर घासून अंगात साठणारी वीज, लोखंडाला पाय लागताच तिचं सुटणं, सगळं त्याने शांतपणे सांगितलं. गादीवर सुती कापड घाला, म्हणाला, बाकी काही करायला नको.

"माझा माल आजवर कुणी परत केला नाही," किरीटभाई म्हणाले. "या मखमलीसाठी दिल्लीचे व्यापारी माझ्या दाराशी बसतात. आणि तू माझ्या झोपाळ्यावर गोधडी घाल म्हणतोस?"

"काका, कापड उत्तमच आहे. पण — त्याच्यावर गोष्ट वाचता येत नाही."

किरीटभाईंनी दोन झोके घेतले आणि मुद्दाम टेबलाच्या पायाला बोट लावलं. फट्. त्यांनी बोट झटकलं, पण मान हलवली नाही. गादी राहील, ते म्हणाले. कॉम्प्युटर सरकवा, नाहीतर खुर्चीत बसून वाचा.

टेबल सरकवायला जागा नव्हती. खेवनाने वाद घातला नाही. माइक लावून ती खुर्चीत ताठ बसली आणि वाचू लागली. मगरीचा दात दुखत होता, मासे पळत होते, पण गाडी क्रमांक अमुक थोड्याच वेळात येत आहे, अशा सुरात. डोळ्यांत पाणी यायला लागलं तरी ती वाचत राहिली. किरीटभाई चहा न पिता ऐकत होते. रोज पहाटे पलीकडच्या खोलीत पडून ते तिचं वाचन ऐकायचे, हे त्यांनी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

अर्ध्या गोष्टीत ते उठले. "अशी कण्हणारी मगर मी पाहिली नाही," ते म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने गादी उचलून आत नेली. येताना रंजनबेनच्या माहेरची जुनी सुती गोधडी घेऊन आले.

रविवारी गोष्ट गेली, आणि आठवडा उलटायच्या आत अहमदाबादहून उत्तर आलं. आवाज स्वच्छ आहे, मगर फार आवडली, आणखी गोष्टी पाठवा. खेवनाचा जीव भांड्यात पडला. दुकानाचं नाव किरीटभाईंनी पुन्हा काढलं नाही.

सौमिलला तिने फोन करून कळवलं. त्याला खरंच आनंद झाला, आणि मग हवापाण्याचं बोलून दोघांनी फोन ठेवला. आता त्याने यायचं कशासाठी? लग्नसराई होती, तो नवसारी-भरूचला माइक लावत फिरत होता. खेवना गोधडीवर बसून वाचायची. आवाज नितळ यायचा. पण मधूनच ती थांबायची, आणि त्या शांततेत आपण कशाची तरी वाट पाहतोय हे तिला कळायचं. तो फट् आवाज तिला आठवायचा. खरं तर आवाज नव्हे... त्याच्याबरोबर येणारा माणूस.

संक्रांत झाली. पतंग उतरले. समुद्रावरून दमट वारा सुटू लागला, की ही कोरडी थंडी जाणार. एका दुपारी खेवनाने फोन लावला. "आवाज पुन्हा येतोय," एवढंच म्हणाली.

तो संध्याकाळी आला, तोच पिशवीभर वायरी घेऊन, आणि दारातच थबकला. झोपाळ्यावर गोधडी नव्हती. जांभळी मखमल होती, आणि मखमलीवर खेवना बसली होती.

"ही तर तीच गादी," तो म्हणाला.

"हो."

"मग आवाजाचं कारण तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे." तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "म्हणूनच बोलावलं. दमट हवा आली की हे कारणही राहणार नाही... सौमिल."

भाई गळलेला होता. त्याने ते ऐकलं, पिशवी खाली ठेवली, आणि बोलायला तोंड उघडलं. "मी — मला तू —" तो अडखळला. ती वाट पाहत राहिली, कारण या खेपेला तो शिवी गिळत नव्हता. "मला तू आवडतेस. त्या मगरीपासूनच. पण दोष सापडल्यावर मी कुठल्या तोंडाने येणार होतो?"

"इथे बस," ती म्हणाली.

"मी पाहुणा आहे. सोफ्यावर..."

"बस म्हटलं ना."

तो बसला. दोघांच्या मध्ये वीतभर जागा. झोपाळा हळूच हलला. तिने बोट पुढे केलं, त्याने केलं, आणि चटका बसला तेव्हा दोघंही हसले. बोटांमध्ये बोटं अडकली तेव्हा मात्र चटका बसला नाही.

जिन्यात बूट वाजले. सौमिल उठायला गेला. खेवनानेही सवयीने पाय जमिनीला टेकवले... आणि मग ती उठली नाही. तिने त्याचा हात सोडला नाही, तेव्हा तोही बसून राहिला.

किरीटभाई दारात उभे राहिले. त्यांनी झोपाळ्याकडे पाहिलं, आपल्या मखमलीकडे पाहिलं, मुलीच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग बूट काढले, वर्तमानपत्र उचललं, आणि जन्मात पहिल्यांदा ते जाऊन सोफ्यावर बसले.

"रंजन," त्यांनी आत हाक मारली, "माझा चहा इकडे सोफ्यावर दे गं."