अब्बा नेबेलबालची बंदूक

दस्ता कोमट होता. आत्ताच कुणीतरी गाल टेकवून नेम धरला असावा, इतका कोमट.

वुबालेमनं आढ्यावरून उतरवलेली बंदूक झटकन पोत्यावर टाकली.

"अगं, बंदूक आहे, साप नव्हे!" वोर्कनेश आत्या हसली. "कॉलेजात भ्यायलाच शिकवतात का गं?"

"आत्या, गरम आहे ही..."

"उन्हानं तापली असेल."

छप्पर हातभर जाड गवताचं. ऊन आत येतच नव्हतं. वुबालेमनं पोत्यावरून बंदूक पुन्हा उचलली. ही बंदूक कुठली ते ओळखायलाच तर ती गोज्जाम प्रांतातल्या या गावी आली होती. गावामागच्या दरीत सोबतचे तरणे गडी पडले त्या लढाईत इटालियन शिपायाच्या हातून हिसकावली, असं आजोबा मरेपर्यंत सांगत राहिले आणि गाव हसत राहिलं. उद्या चर्चच्या अंगणात लढवय्यांच्या नावांचा दगड बसणार होता. त्या नावांच्या यादीत आजोबांचं नाव नव्हतं.

ती यादी करणारे म्हातारे देगेफू दारात भाजलेले सातू चघळत बसले होते.

"नळीच्या बुडाशी साल वाच, पोरी. एकोणीसशे छत्तीस. इटालियन तेहतीसातच पळाले. मग तुझ्या आजोबानं ती भुताकडून हिसकावली? मेंढी देऊन बाजारातून आणली असेल!"

वुबालेमनं बोटानं काजळी पुसली. नाकात बंदुकीच्या जळक्या दारूचा वास शिरला. ताजा. तरी तिचे डोळे आकड्यांवरून हलेनात.

"देगेफू आजोबा, हे साल कोरलं कुणी?"

"ज्यानं बंदूक घडवली त्यानं. आणखी कोण?"

"म्हणजे इटालियनांनी. मग सालही त्यांचंच! त्यांचं पंचांग आपल्या पंचांगाच्या सात-आठ वर्षं पुढं असतं. त्यांचं छत्तीस म्हणजे आपलं अठ्ठावीस. ते चालून आले, तेच वर्ष."

म्हाताऱ्याचा चघळणारा जबडा थांबला. आत्यानं पदर तोंडाशी धरला.

"मग पुकार," देगेफू हळूच म्हणाले. "वीराची बंदूक उजेडात आणायची आणि त्याच्या घोड्याच्या नावानं तीनदा हाक द्यायची. ज्याला पराक्रम मान्य, तो 'हजर' म्हणतो."

"पण बायका कुठं पुकारतात..." आत्या पुटपुटली.

"वाचलं तिनं. पुकारेलही तीच."

वुबालेम बंदूक खांद्यावर घेऊन भर दुपारच्या अंगणात उभी राहिली. आजोबांच्या घोड्याचं नाव नेबेलबाल, म्हणून आजोबा अब्बा नेबेलबाल, नेबेलबालचा बाप.

"अब्बा नेबेलबाल!"

कोंबड्या गप्प झाल्या. कुंपणापाशी माणसं गोळा झाली. इतक्या वर्षांचं हसू त्यांच्या घशात अडकलं होतं.

"अब्बा नेबेलबाल!"

खांद्यावरच्या बंदुकीचा खटका आपोआप मागे सरकला... आणि पुढे आला. तिनं बंदूक सोडली नाही. ती आपल्या आजोबांची नात होती. मान ताठ करून तिनं तिसरी हाक दिली.

देगेफूंनी छातीवर हात ठेवला, ओठ उघडले...

त्यांच्या आधीच, जिथं शेळीसुद्धा चढत नाही त्या दरीच्या कड्याखालून, पंधरावीस तरण्या गळ्यांनी एकदम साद दिली, "हजर!"