दादाचा वाटा

छोटीचं वजन काही केल्या वाढत नव्हतं. तिच्यासोबत उपचार सुरू झालेली बाकीची पोरं बाळसं धरू लागली होती आणि ही दोन वर्षांची पोर अजून काडीसारखीच. दवाखान्यात ठेवून घ्यावं इतकी ती आजारी नव्हती. घरीच शेंगदाण्याच्या गोड, घट्ट पेस्टची पाकिटं चाटवायची आणि दर आठवड्याला तिला दवाखान्यात आणून दाखवायचं, एवढाच उपचार.

"सगळं संपवते हो सिस्टर," आई शपथेवर सांगायची.

सिस्टरने अशा शपथा पुष्कळ ऐकल्या होत्या. पोराची पाकिटं घरातल्या मोठ्यांच्या पोटात जातात, हे तिला नवीन नव्हतं. म्हणून एका दुपारी न सांगता ती त्यांच्या घरी जाऊन थडकली.

खोली एकच. आभाळ भरून आलेलं, त्यामुळे भरदुपारी आत काळोख. नासलेल्या दुधासारखा आंबूस वास.

"माझ्यासमोर भरव बघू," सिस्टर म्हणाली.

आईने पाकिटाचं टोक फाडलं. छोटीने ते दोन्ही हातांनी धरलं, पण तोंडाला लावलं नाही. भिंतीला धरत धरत ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि अंधारात हात पुढे करून उभी राहिली.

मग आवाज आला. चाटण्याचा. ओला, घाईघाईचा, मध्येच श्वास घेणारा.

"मांजर पाळलंय का?"

छोटी परत आली तेव्हा पाकीट चपटं झालं होतं आणि तिचे ओठ कोरडे होते. सिस्टरने उठून कोपरा चाचपला. ओल आलेली भिंत, गार जमीन. बाकी काही नाही.

"हिचा दादा..." आई हळूच म्हणाली. "मागच्या उन्हाळ्यात गेला. असाच वाळत वाळत. तेव्हा ही पाकिटं कुठे मिळत होती... आता वास लागतो त्याला."

"आणि तू खाऊ देतेस?"

"माझंच पोर ना ते... हाकलू कसं?"

सिस्टरच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण जिवंत पोर डोळ्यांदेखत हातची जात होती. तिने छोटीला मांडीवर ओढलं, कोपऱ्याकडे पाठ केली आणि दुसरं पाकीट चाटवू लागली.

पाठीमागून काहीतरी सरपटत आलं. एका हाडकुळ्या, थंडगार मुठीने सिस्टरचं कोपर धरलं. मूठ ओढत होती, पण रडण्याचा आवाज नव्हता. फार उपाशी पोर रडत नाही, हे सिस्टरला माहीत होतं. तेवढा जोरच उरत नाही त्याच्यात.

वळून न बघता, दवाखान्यातल्या हट्टी पोरांशी बोलावं तसं ती म्हणाली, "हे तिचं आहे. हात लावायचा नाही. तुला... तुला वेगळं देते."

मूठ सुटली.

पिशवीतलं आणखी एक पाकीट फोडून तिने मागच्या मागे कोपऱ्याकडे सरकवलं आणि छोटीचं चाटून होईपर्यंत मान वर केली नाही.

त्यानंतर दर आठवड्याला ती आईच्या पिशवीत दोघांपुरती पाकिटं गुपचूप टाकत राहिली. कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होती, देव जाणे. पण छोटीने अंग धरलं. गाल वर आले, दंड भरले, एरवी मलूल पडून असणारी पोर हट्ट करू लागली. शेवटी डॉक्टरांनी तिला तपासून सांगितलं, पोर बरी झाली, आता पाकिटं बंद.

शेवटचं वजन करून सिस्टरने छोटीला टांगत्या काट्याच्या झोळीतून उचललं. खाली ठेवताच ती दाराकडे धूम पळाली. सिस्टर हसत तिच्याकडे बघत राहिली. मागे वळली, तर आई अजून काट्यासमोरच उभी होती.

झोळी रिकामी होती. तिचं कापड मात्र खाली ताणलेलं, आणि सुई शून्यावर आलीच नव्हती.

"सिस्टर," आईने अगदी हळू विचारलं, "याचंही वाढलंय ना?"

सुई बघता बघता आणखी पुढे सरकत होती.