पाठीमागचा हात

लहान मुलांना निजवण्याचा एक नियम आहे, तो आधी सांगते. मूल पेंगायला लागलं की त्याच्याकडे बघायचं नाही. हात थोपटत ठेवायचा, तोंडाने काहीतरी गुणगुणत राहायचं, पण नजर भिंतीवर. नजरानजर झाली की संपलंच. मूल खुदकन हसतं, उठून बसतं आणि अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात जाते. पाच वर्षं मी घरी पाळणाघर चालवतेय आणि या नियमाला एकदाही चुकले नाही. पुढे जे झालं ते इतके दिवस माझ्या लक्षात आलं नाही, तेही त्यामुळेच.

तेव्हा माझ्याकडे पाच मुलं होती. ढब्बू साडेतीन वर्षांचा. ‘मी आज झोपणारच नाही’ असं रोज बजावून सांगायचा आणि सगळ्यांत आधी घोरायचा. जुळे भाऊ दोन वर्षांचे, एकमेकांना चावल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. चिमणीला अडीच वर्षं झाली होती, तिच्या तोंडाची टकळी झोपेतही चालू असायची. आणि सगळ्यांत धाकटी पिटुकली, दहा महिन्यांची. तिची आई नर्स. सकाळी सातला ती मुलीला माझ्या कडेवर द्यायची आणि मागे वळून न बघता निघून जायची. मागे वळलं की पाय निघत नाही, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला ते कळायला फार उशीर झाला होता.

माझीही एक लेक होती. ती अकरा महिन्यांची असताना मी एका कारखान्यात औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावायचे. दिवसभर ती शेजारच्या आजीबाईंकडे असायची. एका सकाळी तिला थोडी कणकण होती. मी निघाले तर तिने माझं बोट घट्ट धरून ठेवलं. बस चुकली असती, म्हणून मी तिची बोटं एक एक करून सोडवली. करंगळीपासून सुरुवात केली, अजून आठवतं. दुपारी ताप डोक्यात गेला, झटके आले, आणि कारखान्यात निरोप पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आजीबाईंचा काही दोष नव्हता. मी त्यांना तसं कितीदा सांगितलं, पण त्या पुन्हा कधी माझ्या डोळ्यांत बघून बोलल्या नाहीत.

त्यानंतर मी कारखान्यात पाऊल टाकलं नाही. वर्षभराने पाळणाघर काढलं. बाई दुःख विसरायला बघते, असं लोक म्हणाले. म्हणू देत.

दुपारी एकला जेवणं, मग शी-शू, तोंडं पुसणं, आणि दीडला मधल्या खोलीचे जाड पडदे ओढायचे. खोलीत गाद्यांचा, दुधाचा आणि पावडरीचा वास कोंडून राहायचा. मी मध्ये मांडी घालून बसायची. समोर पिटुकली, डावीकडे जुळे, उजवीकडे ढब्बू. चिमणीची गादी माझ्या पाठीमागे. उजव्या हाताने पिटुकलीला थोपटायचं आणि डावा हात मागे टेकवून ठेवायचा, कारण चिमणीला बोट धरल्याशिवाय झोप येत नसे. निदान माझी तशी समजूत होती. मी हात मागे नेला की थोड्या वेळाने चार इवलीशी बोटं माझ्या बोटाभोवती मिटायची आणि अंगठा माझ्या नखावरून हळूहळू फिरत राहायचा. मग तोही थांबायचा. झोपली, असं म्हणून मी बोट काढून घ्यायची.

एका दुपारी असंच सगळं शांत झालं होतं. जुळ्यांचा श्वास एका लयीत चालला होता, ढब्बू घोरत होता. माझ्या नखावर अंगठा फिरत होता. मी भिंतीकडे बघत संध्याकाळच्या दुधाचा विचार करत होते, आणि मधेच आठवलं, की सकाळी चिमणीच्या वडिलांनी फोन करून तिला ताप असल्याचं कळवलं होतं.

चिमणी आज आलीच नव्हती. मी तिची गादी घातलीच नव्हती.

अंगठा फिरतच होता.

ओरडावंसं वाटलं नाही. समोर चार मुलं निजली होती, आणि ओरडायची सवयच मोडली होती. मी हात हलवला नाही. मान वळवली असती तर दिसलं असतं. मी वळवली नाही. कारण नखावर तो तसा अंगठा फिरवत झोपणारं मूल मला माहीत होतं. जगात एकच होतं.

दुसऱ्या दिवशी चिमणी बरी होऊन आली. तिचे केस विंचरताना मी सहज विचारल्यासारखं केलं, “काय गं, झोपताना मावशीचं बोट धरतेस ना तू?”

“नाही,” चिमणी म्हणाली. “मी भिंतीकडे तोंड करते. तुझ्याजवळ ती असते ना.”

“कोण ती?”

“ती बाळ,” चिमणी म्हणाली, आणि लगेच दुसरी रिबीन मागायला लागली.

खरं सांगते, मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. त्या दिवसापासून मी सकाळपासून घड्याळाकडे बघायची. चिमणीची गादी मी भिंतीला लावली आणि माझ्या पाठीमागे जागा मोकळी ठेवली. मुलं झोपली तरी बोट काढून घेत नसे. दोन दोन तास तशीच बसून राहायची. पायाला मुंग्या यायच्या, कमरेला रग लागायची, पण वळून बघितलं नाही. आमचे हे ट्रक चालवतात, शनिवार-रविवार तेवढे घरी असतात. एका शनिवारी ते म्हणाले, “तू हल्ली बरी दिसतेस.”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा रिकामा कप खाली ठेवला. मला वाटलं, आता मला डॉक्टरकडे न्यायचं म्हणतील.

“बघितलंस का तिला?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“बघू नकोस,” ते हळू आवाजात म्हणाले. “जागी होईल...”

शनिवारी फक्त पिटुकली यायची, नर्सबाईला सुट्टी नसे. त्या दुपारी हे माझ्या जागेवर बसले. एवढा धिप्पाड माणूस, अंग चोरून मांडी घालून बसला आणि डावा पंजा मागे उताणा ठेवला. मी दारात उभी होते. एक तास गेला. पंजा तसाच उघडा होता. मधे एकदा त्यांनी बोटं जरा हलवली, लहान मुलाला बोलावतात तशी. कोणी आलं नाही. मग ते उठले, मोरीत गेले आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, “माझा हात खरखरीत आहे ना, म्हणून.” मी “हो” म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मुलांची झोप वाढत चालली होती, ते मला दिसत होतं आणि दिसत नव्हतं. तीनला उठणारी मुलं साडेतीनला उठायला लागली, मग चारला. ढब्बूने घोरणं सोडलं. एकदा नर्सबाई म्हणाली, “ताई, हिचं वजन वाढत नाहीये गं. खाते ना नीट?” खात होती. मी समोर बसून भरवत होते.

मग तो दिवस आला. साडेचार वाजले आणि एकही मूल उठलं नाही. खोलीत इतकी शांतता, की मला श्वास फक्त माझाच ऐकू येत होता. आणि माझ्या बोटावरची मूठ गरम होती. इतके दिवस ती गार असायची. आज ती गरम होती, नुकत्याच दूध पिऊन निजलेल्या बाळाची असते तशी.

मी पिटुकलीच्या गालाला हात लावला. गाल गार होता.

तिला उचलायला दोन्ही हात हवे होते. मी डावा हात ओढला, पण मूठ सुटेना. अकरा महिन्यांच्या मुलीत केवढी ताकद असते, ते आयांना विचारा. ओठ निळसर पडलेली पिटुकली समोर, आणि मागे माझी लेक... मी उजवा हात मागे नेला. न बघता, चाचपत, तिची बोटं सोडवायला लागले. करंगळी. मग तिच्या शेजारचं. ती रडत नव्हती, ओढतही नव्हती, नुसती धरून होती. “सोड गं राणी,” मी म्हणत होते, “सोड... मला जाऊ दे...” त्या सकाळीही अगदी हेच म्हणाले होते.

शेवटचं बोट सुटलं आणि पाचही मुलं एकदम रडायला लागली.

मी पिटुकलीला छातीशी धरलं, तळवे चोळले, पाठ चोळली. हळूहळू ओठांवर रंग आला. रडता रडता तिला ठसका लागला आणि ती माझ्या अंगावर ओकली. मीही रडत होते. एकीला वाचवलं म्हणून की दुसरीला पुन्हा सोडलं म्हणून, ते कोणी विचारू नये.

त्यानंतर पाठीमागे कोणी आलं नाही. मी हात ठेवून बसायची, लाज वाटायची तरी ठेवायची. मुलं वेळेवर उठू लागली. ढब्बू पुन्हा घोरायला लागला, पिटुकली गुबगुबीत झाली. यांना मी फोनवर सांगितलं, “गेली.” पलीकडे ट्रकचं इंजिन चालू होतं. ते म्हणाले, “बरं केलंस.”

काल दुपारची गोष्ट. मुलं उठली होती, मी स्वयंपाकघरात केळी कापत होते. चिमणीने हाक मारली, “मावशी, पिटुकली बघ!”

मी बाहेर आले. पिटुकली मधल्या खोलीच्या दाराशी उभी होती. ती अजून धरूनही नीट उभी राहत नाही. काल मात्र उभी होती आणि तिचा एक हात वर होता, मूठ मिटलेली, कोणाचं तरी बोट धरल्यासारखी. माझ्या डोळ्यांदेखत तिने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. तोल जायला लागला की वरचा हात ताणला जायचा आणि ती सावरायची. कोणीतरी अगदी सांभाळून, तिच्या पावलाला पाऊल जुळवत तिला आत नेत होतं. ती मान वर करून बघत होती आणि हसत होती.

आधी मला माझी लेकच वाटली. मग पिटुकलीचा तो हात दिसला, किती वर ताणला गेला होता तो. पिटुकली टाचा उचलून चालत होती. माझी लेक अकरा महिन्यांची होती. तिचा हात तिथवर पोचला नसता. धरणारं कोणीतरी मोठं होतं.

मी धावत जाऊन पिटुकलीला उचललं. खोलीत कोणी नव्हतं.

संध्याकाळी नर्सबाई आली, तशी चिमणीने दारातच बातमी फोडली, “पिटुकली चालली!” नर्सबाईच्या हातातली पिशवी खाली पडली. थकलेला चेहरा उजळून गेला. “खरंच? आणि मी नव्हते बघायला... अगं ताई, एकटी चालली?”

“धरून,” मी म्हणाले.

“कुणाचा हात धरून?”

सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ती पुन्हा मुलीला घेऊन आली नसती, तिच्या पाठोपाठ बाकीचेही आले नसते, आणि या घरात मी आणि जे कोण आहे ते, एवढेच उरलो असतो. नर्सबाई लेकीचे पटापट मुके घेत होती. पिटुकली तिच्या खांद्यावरून मधल्या खोलीकडे बघत होती.

“माझा,” मी म्हणाले.

“मग उद्याही चालव हं तिला,” ती म्हणाली.

मी बरं म्हटलं.