समोरची कड

"ते नाणं मशीनमध्ये टाकू नका."

परवान्याच्या कचेरीत कॉफीच्या मशीनपुढे उभ्या असलेल्या माणसाचा हात फटीपाशीच थांबला. त्याने वळून पाहिलं. मागे एक मुलगी उभी होती, काखेत ओली छत्री, चेहऱ्यावर कसलीच घाई नाही.

"मशीन बिघडलंय का?"

"मशीन ठीक आहे. नाणं बिघडलंय," ती म्हणाली. "म्हणजे... चांगलं बिघडलंय. बघू?"

त्याने नाणं तिच्या तळहातावर ठेवलं. तिने पर्समधून भिंग काढलं आणि खिडकीच्या उजेडात जाऊन उभी राहिली. रांगेतले लोक कुरकुरले. तिला ते ऐकूच गेलं नाही.

"चकती नीट बसायच्या आधीच वरून ठसा पडला," ती शेवटी म्हणाली. "म्हणून चित्र सरकलंय. इकडे कोरी चंद्रकोर राहिली आणि तिकडचे आकडे नाण्याबाहेर गेले. टांकसाळीत असली नाणी बाजूला काढतात. हे निसटलं. जपून ठेवा."

"आणि मी याची कॉफी पिणार होतो."

"इथली कॉफी मी प्यायलेय. दुहेरी नुकसान झालं असतं."

तो हसला. दात फार व्यवस्थित होते, एवढं तिने टिपलं आणि आत्याच्या जुन्या नाण्यांच्या दुकानाचं कार्ड त्याच्या हातात दिलं. तो दातांचा डॉक्टर आहे, हे तिला नंतर कळलं.

आत्याचं दुकान म्हणजे घड्याळवाल्याच्या वरची एक चिंचोळी खोली. भिंतीला उथळ खणांचं कपाट, खिडकीशी मोठं टेबल, टेबलावर दिवा आणि सूक्ष्मदर्शक. खरेदी-विक्री आणि बोलणं ही दोन्ही खाती आत्याकडे. बघणं भाचीकडे. गिऱ्हाइकं तिला घार म्हणत. टांकसाळीत चुकलेलं नाणं कोणतं आणि नंतर कुणी ठोकून-घासून चुकवलेलं कोणतं, हे ती सांगायची, तेही दोन वाक्यांत. समोरचा रडवेला झाला तरी तिसरं वाक्य नसायचं.

"माणसांनाही भिंग लावून बघतेस," आत्या म्हणायची. "अशानं जन्मभर खिडकीशीच बसशील."

"उजेड चांगला येतो तिथे," ती म्हणायची.

डॉक्टर दुसऱ्याच आठवड्यात आला. दवाखान्यात सुट्टे म्हणून आलेलं एक नाणं घेऊन.

"हे?"

"गाडीखाली गेलंय."

त्यानंतर एक काळं पडलेलं. "कुणीतरी चुलीत टाकलं होतं." मग एक दुहेरी आकड्यांचं. त्यावर मात्र ती बराच वेळ वाकून राहिली. "हे खरं आहे. ठसा दोनदा बसलाय, दुसऱ्यांदा जरासा फिरून. कुठे मिळालं?"

"अक्कलदाढेच्या पेशंटकडून. तुम्ही खूश झालात का?"

"का?"

"कळायला मार्ग नाही. तुमच्या चेहऱ्यावर ठसा फार हलका पडतो."

तिने मान वर केली नाही. पण भिंग उलटं धरलंय, हे तिच्या जरा उशिराच लक्षात आलं.

मग तो येतच राहिला. तो खुर्ची ओढून टेबलाच्या कडेला बसायचा आणि ती नाणं फिरवून त्याला शिकवायची. एकदा तिने त्याला कड खाल्लेली नाणी दाखवली. "पत्र्यातून चकत्या कापताना एखादी आधीच्या भोकावर येते. मग तिचा असा घास जातो."

"चावा घेतल्यासारखा," डॉक्टर म्हणाला. "हे माझ्या खात्यातलं झालं."

तेवढ्यात आत्याने खालून हाक मारली म्हणून ती उठली आणि तो धडा अर्धाच राहिला. जाताना बाही त्याच्या हाताला लागली... एवढंच. पण त्या संध्याकाळी घरी जाताना ती आपल्या वळणाच्या पुढे दोन गल्ल्या चालत गेली.

पुढच्या वेळी डॉक्टर आला तेव्हा ती नेमकी बाहेरगावी नाण्यांच्या प्रदर्शनाला गेली होती. त्याने नाणं काढलं मात्र, आत्याने ते झडप घालून घेतलं. कडेचा सुबक घास गेलेलं, जुन्या मालिकेतलं नाणं. दुकानाचे जुने गिऱ्हाईक असलेले एक निवृत्त कप्तान असं नाणं किती वर्षं शोधत होते. "अहो, पण तिला एकदा..." डॉक्टर म्हणेपर्यंत आत्याने फोन लावलाही होता. मग डॉक्टर गप्प बसला. ती गप्प बसण्याची चूक त्याला महागात पडायची होती.

दुसऱ्या दिवशी कप्तान कोट घालून आले. डॉक्टरही आला. तिने नाणं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. आत्या बोलत होती, कप्तान हसत होते.

"खोटं आहे," ती म्हणाली.

कप्तानांचं हसू अर्ध्यावरच थांबलं.

"चकतीतच घास गेलेला असला, तर ठसा बसताना धातू त्या मोकळ्या बाजूकडे सरकतो. म्हणून बरोबर समोरची कड फिकी पडते. इथे समोरची कड ठळक आहे. म्हणजे नाणं धड होतं, घास नंतर काढलाय." तिने जरा थांबून डॉक्टरकडे पाहिलं. "आणि घासाच्या आत बारीक गोल ओरखडे आहेत. खूप वेगाने फिरणाऱ्या छोट्या टोकाचे. असलं हत्यार सोनाराकडे असतं. नाहीतर..."

"माझ्याकडे," डॉक्टर म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी केलंय."

कप्तानांनी आपली टोपी उचलली. ते जिना उतरले. आत्याची आयुष्यात पहिल्यांदा दातखीळ बसली.

"विकायचं नव्हतं," तो म्हणाला. "फक्त तुम्ही बघावं..."

"या टेबलावर खोटं नाणं आणणाऱ्याला आम्ही पुन्हा बसू देत नाही," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. "आत्या तोंडघशी पडली. तुम्ही निघा."

तो निघाला. ती लगेच पुढचं नाणं बघायला बसली. ते तिने चारदा फिरवलं आणि काय पाहिलं ते तिला सांगता आलं नसतं.

काही आठवडे गेले. आत्याने विषय काढला नाही, हेच विशेष. टेबलाच्या कडेची खुर्ची भाचीने एकदा भिंतीला लावली, मग परत जागेवर आणली आणि स्वतःवरच चिडली.

एका दुपारी कप्तान आले. आत्याने माफी मागायला तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला.

"तुमचा तो दातवाला त्याच दिवशी घरी आला होता. भिजून चिंब. म्हणाला, बाईंचा काही दोष नाही, नाणं मी कोरलं, दुकानाचं नाव खराब करू नका. मी विचारलं, बाबा, हा उद्योग तू केलास कशासाठी? तर म्हणाला, चांगली नाणी संपली होती आणि त्या टेबलाशी बसायला दुसरं कारण नव्हतं." कप्तानांनी भाचीकडे पाहिलं. "चाळीस वर्षं समुद्रावर काढली. एवढा मूर्ख आणि एवढा सरळ माणूस एकाच कातडीत पाहिला नव्हता."

तिने दिवा बंद केला, छत्री घेतली आणि जिना उतरली. आत्याने कुठे म्हणून विचारलं नाही.

दवाखान्यात गल्ल्यावर एक बाई होत्या. नाक आणि हनुवटी डॉक्टरचीच. त्याची मोठी बहीण असणार.

"काय दुखतंय?"

"काही नाही."

"मग तपासून घ्यायचंय?"

"नाही. डॉक्टरांना भेटायचंय."

बाकावरचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. तिचे कान तापले, पण ती जागची हलली नाही. बहिणीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही भिंगवाल्या ना? मग इथे काय उभ्या राहिलात... आत जा."

आत खुर्चीत एक आजोबा कापूस धरून बसले होते. डॉक्टर वळला आणि हातातला आरसा ट्रेमध्ये पडला.

"आजोबांचं तोंड बधिर आहे," तो कसंबसं म्हणाला. "ते काही बोलणार नाहीत."

आजोबांनी आपल्या कानाकडे बोट दाखवलं. कान शाबूत होते.

"कप्तानांकडे गेलात, ते मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही परत येऊ नका म्हणालात. आणि ते सांगायला आलो असतो, तर तेही एक निमित्तच झालं असतं."

इतक्या वर्षांत तिसरं वाक्य बोलायची तिला सवय राहिली नव्हती.

"मी काही आणलेलं नाही," ती म्हणाली. "माझे दातही ठणठणीत आहेत. तुम्ही येत नाही, तर... दिवस लांबतो. ते सांगायला आले."

डॉक्टरने हातमोजे काढले. मग त्यांचं काय करायचं, ते न सुचून तसाच हातात धरून उभा राहिला.

"परत येऊ का मी?"

"या. पण काही घेऊन येऊ नका. रिकाम्या हाताने या." मग ती जरा अडखळली. "मंगळवारी दुकान बंद असतं. दिवसभर."

"मंगळवारी मीही दवाखाना बंद ठेवतो."

"कधी ठेवतोस रे?" बाहेरून बहिणीचा आवाज आला.

"आजपासून," तो म्हणाला.

आजोबा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण मनापासून. आणि ती इतकी मोकळी हसली, की तिच्या गालावर कुठे खळी पडते, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.