दोघांचं वजन

पहिल्याच भेटीत त्याने तिच्या चहाची वाट लावली. बागेतल्या सर्वांत उंच झाडाखाली ती कप घेऊन उभी होती, आणि वरून धप्पकन एक वाळूची पिशवी आली, बारीक दोरा बांधलेली. कप आडवा!

"माफ करा हं... फांदीवरून दोरा टाकत होतो. नेम चुकला."

"आणि अशा नेमाच्या भरवशावर मी झाडावर चढायचं?"

"म्हणजे बीवाल्या बाई तुम्हीच!" तो हसला. "छे, भरवसा दोरीवर ठेवायचा. माझ्यावर कशाला?"

ती बागेच्या बीसंग्रहात कामाला होती. या जातीचं हे एकच झाड उरलं होतं, तेही म्हातारं. खाली पडलेल्या शेंगा किडलेल्या निघायच्या, चांगलं बी फक्त शेंड्याला. शेंग तयार झाली की नाही हे बोटांनी दाबून तिलाच कळायचं, म्हणून तिला चढायला शिकवायला बागेने या दोरीवाल्याला बोलावलं होतं. आईने फोनवर विचारलंच, "अगं, जमिनीवरची कामं संपली का जगातली?"

लहानपणी झोका तुटून तिची हनुवटी फुटली होती. व्रण अजून होता, आणि दोरीची भीतीही.

त्याची एक पद्धत होती. दोरी फांदीवरून टाकायची, एक टोक बुंध्याला बांधायचं आणि दुसऱ्या बाजूला दोघांनी एकदम लटकून पाहायचं. "दोघांना पेललं तर एकाला पेलणारच," तो म्हणायचा. मग रोज सकाळी दोघांच्या कमरेच्या पट्ट्यांच्या कड्या एकमेकींवर वाजायच्या. इतक्या जवळून कुठे बघावं हे तिला कळायचं नाही... आणि त्याचे कान लाल व्हायचे.

पायाच्या फासात उभं राहायचं, दोरीवरची पकड वर सरकवायची, पट्ट्यात बसायचं, पुन्हा उभं राहायचं... हे ती पटकन शिकली. पण शेंगा तोडायला दोन्ही हात मोकळे लागतात, आणि वर पोचलं की तिच्या मुठी दोरीवरून सुटता सुटत नसत. पिशवी रोज रिकामीच खाली यायची.

बघता बघता शेवटचा दिवस आला. शेंगा तडकायला लागल्या होत्या; आज नाही तर बी वाऱ्यावर जाणार होतं. आणि तो उद्या सकाळच्या गाडीने दुसऱ्या गावी.

"हात सोडा!" तो खालून ओरडला.

"सुटत नाहीयेत हो!"

"दोरीने तुम्हाला धरलंय. तुम्ही तिला कशाला धरताय?"

"आणि तिला कोणी धरलंय?"

"झाडाने! शिवाय खालच्या गाठीपाशी मी आहे. तुम्ही उतरेपर्यंत इथून हलणार नाही."

ती तशीच लटकत राहिली. डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात खालून वेगळाच आवाज आला, "आई गं! बाई, जरा लवकर... मुंग्या चढल्यात पायावर!"

"मग बाजूला व्हा ना!"

"हलणार नाही म्हटलंय ना!"

तिने वाकून पाहिलं. एक हात गाठीवर, एका पायावर उभा, तोंड कसनुसं... पण जागचा हलला नव्हता. तिला हसू फुटलं, तोंडावर हात दाबले तरी आवरेना. मग लक्षात आलं, दोन्ही हात तोंडावर आहेत. आणि ती पडलेली नाही.

त्या दिवशी पिशवी भरून खाली आली.

त्याचा पाय टम्म सुजला होता. लंगडतच तो गाठ सोडायला वाकला. "काम फत्ते. आता दोरी काढतो."

"थांबा. आज तपासायची राहिली."

"आता? चढायचंय कुणाला?"

"कुणालाच नाही." तिने आपली कडी दोरीला अडकवली, मग त्याची. दोघांचे पाय जमिनीवरून सुटले. "मला भीती वाटतेय," ती हळूच म्हणाली.

"दोरीची?"

"उद्याची. तुम्ही जाल... आणि तुम्ही मला आवडता, हे सांगायचं राहून जाईल."

त्याचे कान लाल झाले.

"खरं सांगू? दोघांनी लटकून तपासायचं ते दोरी टाकल्यावर एकदाच. ही दोरी पहिल्या दिवसापासून इथेच आहे."

"मग रोज सकाळी आपण..."

"तेवढंच तुमच्या जवळ यायला मिळायचं."

"लबाड!"

तिने दोरीवरचे दोन्ही हात काढले आणि त्याच्या गळ्यात टाकले.

सकाळची गाडी त्याला न घेताच गेली.