वाहून आलेलं गामते

"ठेवा ते खाली."

चार दिवसांच्या वादळानंतर कोरियातल्या जेजू बेटाचा किनारा काळपट गामतेने भरून गेला होता. वाऱ्याने छत्री उलटलेला एक शहरी माणूस ते समुद्रशेवाळ घाईघाईने पिशवीत कोंबत होता. हेरानचा आवाज ऐकून तो दचकला.

"समुद्राने टाकलंय... कुणाचं नसेल असं वाटलं."

"गावच्या किनाऱ्याला लागलं, ते गावच्या पाणबुड्या बायकांचं. आज वेचायची पाळी माझी आहे."

"मग मी वेचू लागतो. मजुरी म्हणून मूठभर द्या."

माणूस वेंधळा होता, पण हसला की बरा दिसायचा. इन्ग्यू त्याचं नाव. एका क्रीम कंपनीच्या प्रयोगशाळेत तो गामतेतून त्वचेचा दाह शमवणारं द्रव्य काढायचा. पाणचष्म्याच्या कडेने हेरानच्या गालांवर उठलेले लाल वण त्याने पाहिले, आणि पुढच्याच आठवड्यात तो एक बिनलेबलची डबी घेऊन आला.

"माझ्यावर प्रयोग?"

"आधी स्वतःवर केलाय. फरक दिसत नाही?"

"चेहरा मुळातच असा असेल, तर क्रीम तरी काय करणार?"

हिवाळाभर तो येत राहिला. वण फिके झाले. बायका चिडवायच्या, "हेरान, गाल क्रीमने उजळले की आणखी कशाने गं?"

फेब्रुवारीत मात्र तो तोंड पाडून आला. हातात कंपनीचा कागद होता.

"वाहून आलेल्यात द्रव्य कमी भरतंय. त्यांना तळावरचं जिवंत गामते कापून हवंय. गावाने होकार दिला तर प्रयोगशाळा इथेच निघेल. नाहीतर... मला सोल शहरात परत बोलावतील."

हेरानला शेजारचं गाव आठवलं. तिथलं गामते कापून कापून संपलं आणि खडक पांढरे पडले. आता तिथल्या बायकांना दिवसभर बुड्या मारून एक शिंपला मिळत नव्हता.

"तुला काय वाटतं?"

"मी काही सांगणार नाही," तो खाली बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गावच्या बैठकीत नकारासाठी पहिला हात हेरानचा वर गेला. मग सगळ्यांचे गेले.

संध्याकाळी बसथांब्यावर बारीक पाऊस पडत होता. इन्ग्यूच्या पायाशी बॅग होती.

"हेरान... तू मला आवडतेस. फार आवडतेस."

"हे आत्ता सांगतोस?"

"काल सांगितलं असतं, तर होकारासाठी गळ घालतोय असं वाटलं असतं तुला."

तिला रडू आवरेना. वळणावर बस दिसू लागली.

"बरं केलंस," ती म्हणाली. "काल ऐकलं असतं, तर... माझा हात वर गेला नसता."