एकतीस नंबरची वही

नव्या इंग्रजीच्या बाईंना त्या शाळेकडून जे मिळवायचं होतं ते काही फार नव्हतं. मस्टरवर शाईने लिहिलेलं नाव, आणि स्टाफरूममध्ये पाठ असलेली एक खुर्ची. बस्स. तात्पुरत्या शिक्षकांची नावं तिथे पेन्सिलीने लिहायची पद्धत होती — वर्ष संपलं की खोडायला सोपं. याआधी दोन शाळांनी त्यांचं नाव असंच खोडलं होतं. घरी मावशी महिनाअखेरीला एकच प्रश्न विचारायची, "अगं, अजून आहेस ना तिथे?"

तेव्हा बाई भ्यायच्या, यात नवल नाही. दहावीच्या वर्गाला भ्यायच्या, मुख्याध्यापिका मोठ्या बाईंच्या किल्ल्यांच्या आवाजाला भ्यायच्या, आणि घंटा झाली की अशा दचकायच्या की हातातला खडू उडायचा. मुलांनी आठव्या दिवशीच नाव ठेवलं — दचकूबाई.

व्याकरण शिकवणाऱ्या सरांचं नाव जुनं होतं. बोलता बोलता ते मध्येच थांबायचे, खिडकीबाहेर बघायचे, मग पुढचा शब्द काढायचे. म्हणून कॉमा सर. त्यांना ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही असावं.

दोघांची गाठ पडली जिन्यात. दहावीला इंग्रजीची वही एकच — पुढून व्याकरण, मागून गोष्टी. हा मोठ्या बाईंचा काटकसरीचा शोध. त्यामुळे चाळीस वह्यांचा गठ्ठा एकदा सरांकडे, एकदा बाईंकडे असा फिरायचा. त्या दिवशी सर गठ्ठा घेऊन उतरत होते, बाई चढत होत्या, आणि घंटा झाली. बाई दचकल्या, कोपर लागलं... आणि चाळीसच्या चाळीस वह्या जिनाभर!

"घंटेला दचकलात, की... मला?" सर खाली बसून वह्या गोळा करत म्हणाले.

"घंटा निदान वेळेवर येते, सर. गठ्ठा काल द्यायचा होता तुम्ही."

सर हसले. बाहेर रिपरिप चालली होती. त्यांच्या छत्रीचं पाणी नेमकं एका वहीवर ठिबकत होतं. बाईंनी ती रुमालाने पुसली, उघडली. नंबर एकतीस. आत सगळी कोरी.

"हिची मालकीण सायकलवरून पडलीय," सर म्हणाले. "पाय प्लास्टरमध्ये. सहा आठवडे."

"मग वही का फिरवताय?"

"एक कमी झाली की शिपाईमामा... पुन्हा पहिल्यापासून मोजतात."

बाई हसल्या, आणि मग इकडेतिकडे कोणी बघत नाही ना, ते पाहिलं.

उजळणीचा आठवडा जवळ आला होता. गोष्टीचे घटक कुठल्या क्रमाने घ्यावेत ते बाईंना सुचेना. रिकाम्या तासाला त्यांनी समोरची कोरी वही ओढली — एकतीसच — आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीने मांडून पाहिलं. स्थळ, पात्रं, संघर्ष, कळस, शेवट. खोडायचं मात्र विसरल्या. वही सरांकडे गेली आणि परत आली तेव्हा खाली बारीक अक्षरात होतं, 'संघर्ष आधी घ्या, स्थळ नंतर. भांडण म्हटलं की मुलं जागी होतात.'

बाईंनी लिहिलं, 'आणि प्रयोग म्हटले की झोपतात. भिंतीपलीकडून घोरणं ऐकू येतं.'

'ते माझं असतं.'

झालं. तिथून त्या वहीला पाय फुटले. सर पुढून लिहीत यायचे, बाई मागून. सरांनी विचारावं, काल खिडकीत उभं राहून कोणाची वाट बघत होता? बाईंनी कळवावं, पाऊस थांबायची, गैरसमज नसावा. एकदा बाईंनी लिहिलं, 'माझं नाव पेन्सिलीचं आहे, सर. जपून लिहीत जा.' त्यावर सरांनी फक्त एक स्वल्पविराम काढून पाठवला. बाई तो बघत मधली सुट्टी संपेपर्यंत बसल्या होत्या. मधली कोरी पानं कमी होत चालली होती.

पण शाळेचा एक नियम होता. एका घरातली दोन माणसं एका छपराखाली नोकरीला नकोत. दोन वर्षांपूर्वी चित्रकलेच्या बाईंनी गणिताच्या सरांशी लग्न केलं; लग्नाची रजा संपायच्या आत चित्रकलेच्या बाईंचं नाव गेलं. तेही पेन्सिलीचंच होतं.

म्हणून सरांनी जेव्हा वर तारीख टाकून लिहिलं, 'परीक्षा झाली की... तुमच्या मावशींना भेटायला येऊ का?', तेव्हा बाईंना आधी कानापर्यंत ऊब आली आणि मग तो नियम आठवला. हो म्हणावं तर नोकरी जाते. नाही म्हणावं, तर... नाही म्हणवत नव्हतं. चार दिवस गठ्ठा आला, गेला. त्या प्रश्नाखाली एक अक्षर उमटलं नाही.

शुक्रवारी शिपाईमामा स्टाफरूममध्ये आले.

"बाई, एकतीसची वही नेतो हं. मुलीची आई आलीय. बुडालेला अभ्यास घरी पाठवायचाय."

"कुठली?"

"एकतीस. तुमची पेन्सिल पडली बघा."

"मी... मी तपासून देते, मामा."

"तपासायला मोठ्या बाई आहेत की! पानन् पान पाहिल्याशिवाय त्या काही सोडतात होय?"

वही काखेत मारून मामा गेलेसुद्धा.

बाईंनी सरांना जिन्यात गाठलं. "गेली!"

"कळलं."

"सगळीच गेली का हो?"

"वही अर्धी जात नाही, बाई."

"थट्टा नको! त्यांनी वाचलं असेल."

"मग सांगेन, सगळं मीच लिहिलंय."

"अक्षरं दोन आहेत."

"दोन्ही हातांनी लिहितो म्हणेन."

"तुमचं नाव शाईचं आहे, सर. तुम्हाला विनोद परवडतात."

सर थांबले. या वेळचा स्वल्पविराम फार लांबला. "तुम्ही उत्तर दिलं नाहीत," ते हळूच म्हणाले. "आवडलं नसेल तर... तसं लिहायचं. मी खोडलं असतं."

बाईंच्या ओठावर काहीतरी आलं होतं. तेवढ्यात वरून किल्ल्या वाजल्या. एक वर पळालं, एक खाली. खरं तर दोघांचाही तास तिसरीकडेच होता.

शनिवार-रविवार बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

"अगं, कुकर वाजला फक्त," मावशी म्हणाली. "बसल्या जागी किती दचकशील? अजून आहेस ना तिथे?"

"आहे गं... सोमवारपर्यंत तरी."

सोमवारी दोघांनी मिळून उजळणी घ्यायची होती. मोठ्या बाई हिरवं पेन घेऊन शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. आणि पहिल्या बाकावर, कुबड्या भिंतीला टेकवून, एकतीस नंबर! मांडीवर तीच वही.

सरांनी काळाची रूपं भराभर आटोपली. बाईंनी फळ्यावर पाच घटक लिहिले. 'शेवट' लिहिताना खडू दोनदा मोडला.

"कुठल्याही एका गोष्टीचे घटक सांगा."

एकच हात वर आला. ज्याची भीती होती तोच.

"पात्रं दोन," मुलगी म्हणाली. "दोन्ही हुशार, पण एक फार घाबरट आहे."

"स्थळ?" बाई खडूचे तुकडे वेचत होत्या, म्हणून सरांनी विचारलं.

"अगदी छोटं. दप्तरात मावतं." वर्ग हसला.

"संघर्ष?"

"दोघांना हवंय एकच, सर. पण ते मिळालं तर एकाची नोकरी जाते."

मागून मोठ्या बाईंनी विचारलं, "आणि शेवट काय गं?"

"शेवट नाहीये, बाई. एकाने विचारलंय, दुसऱ्याने उत्तरच दिलेलं नाही. पुढे पानं कोरी."

"मग दोन गुण जातील," असं म्हणून मोठ्या बाई उठल्या. किल्ल्या वाजत वाजत लांब गेल्या.

तास सुटल्यावर मुलीने वही पुढे केली. "आईने वाचलं नाही हं, बाई. तिचा चष्मा मी लपवला होता." आणि कुबड्या टेकत ती वर्गाबाहेर गेली.

बाईंनी वही उघडली. पेन्सिलीच्या प्रत्येक पानावर हिरवी बरोबरची खूण होती. घोरण्याच्या ओळीवरसुद्धा. सरांच्या एका पानाखाली शेरा होता, 'अक्षर सुधारा.' आणि त्या प्रश्नाखाली, ठळक हिरव्या शाईत, 'उत्तर अपूर्ण. पूर्ण करून सही घ्यावी.'

म्हणजे शुक्रवारपासून सगळं माहीत होतं! ही दया की सापळा, काही कळेना.

"देऊ नका उत्तर," सर म्हणाले. "मी... पानं फाडतो."

"तिची वही आहे ती," बाई म्हणाल्या, आणि सरांच्या खिशातलं पेन काढून घेतलं. नेमकी घंटा झाली. बाई दचकल्या, पहिल्या अक्षराचा काना पार ओळीखाली गेला, पण हात थांबला नाही. 'या. छत्री बाहेर झटकून या, मावशीला ओल चालत नाही.'

तशाच त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. "सही हवी होती."

मोठ्या बाईंनी वाचलं. "नियम माहीत आहे ना?"

"हो, बाई."

"तरी शाईने लिहिलंत?"

"पेन्सिलीचं... पुरे झालं, बाई."

मोठ्या बाईंनी मस्टर ओढलं. बाईंनी डोळे मिटले. आता खोडरबराचा आवाज येणार... आला तो निबाचा. डोळे उघडले तर त्यांचं नाव शाईने गिरवलं जात होतं, आणि वरच्या ओळीतल्या सरांच्या नावावर लाल रेघ होती.

"हा बदलीचा अर्ज," मोठ्या बाईंनी खणातून कागद काढला. "संस्थेची दुसरी शाळा, पाचवीचा वर्ग. इथली जागा आता तुमची. तारीख बघा. तुम्हाला विचारलं त्याच्या आदल्या दिवसाची. अर्ज आधी, प्रश्न नंतर. व्याकरणाचा माणूस, क्रम चुकवायचा नाही."

सर जिन्यातच उभे होते.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर... उपकार म्हणून हो म्हणाला असता."

"आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

"तर पाचवीला शिकवत रडलो असतो. मुलांना वाटलं असतं, व्याकरण कठीण आहे."

शेवटी ताळा असा जमला. एकतीस नंबरला गोष्टीत पूर्ण गुण. मावशीला एक प्रश्न कमी. बाईंना शाईचं नाव, आणि पाठ असलेली खुर्ची, खिडकीजवळची, सरांची रिकामी झालेली. पहिल्या दिवशी टेकून बसल्या तर ती मागे डुगडुगली आणि बाई दचकल्या. एक पाय आखूड होता. अकरा वर्षं हा माणूस सावरून बसत होता आणि बोलला नव्हता. संध्याकाळी बसथांब्यावर दोघांचं पहिलं भांडण झालं ते यावरूनच. सर ऐकत राहिले. अकरा वर्षांची ज्येष्ठता गेली होती. नव्या शाळेत ते सर्वांत धाकटे, दोन बस बदलून जायचे, आणि बसायला स्टूल. घेतलं सगळ्यांनी; भरलं त्यांनी एकट्याने. पावती मागितली का, तर हो — "उद्या पण भांडाल ना?" एवढंच विचारलं.